न ऐकू आलेलं वाक्य छापायची घाई कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या इंग्रजी चित्रपटावरचा लेख वाचला. रात्रीत राग निवळेल असं वाटलं होतं. निवळला नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

चित्रपटात ‘काहीच घडत नाही’ असं लेखकाचं मत आहे. असेल, ज्याची त्याची आवड. पण शेवटी टोकियोच्या गर्दीत बॉब (जाहिरातीसाठी तिथे आलेला अमेरिकन नट) शार्लटच्या (त्याच हॉटेलात उतरलेल्या तरुण मुलीच्या) कानात जे कुजबुजतो, ते कोणीतरी आवाज वाढवून ‘शोधून काढलेलं’ वाक्य तुम्ही ठळक अक्षरांत छापलंत, त्याला माझा आक्षेप आहे. तिथे काय बोलायचं ते नंतर ठरवू, असं दिग्दर्शिका सोफिया कोपोला यांनी आधी म्हटलं होतं आणि मग ते न ऐकू येणारंच ठेवलं. याच चित्रपटाच्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. त्यांना एक वाक्य लिहिता आलं नसतं का?

व्हिस्कीच्या जाहिरातीचा प्रसंग आठवा. जपानी दिग्दर्शक तावातावाने इतकं बोलतो आणि दुभाषी बाई बॉबला एका ओळीत उरकते. खाली सबटायटल नाही. बॉबइतकंच आपल्यालाही कळत नाही. हा सगळा सिनेमा न कळण्यावरच उभा आहे आणि तुमच्या लेखकाने नेमकं तेच मोडून टाकलं.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. 2016 साली सुनेच्या बाळंतपणासाठी मी टोकियोत निशी-कासाईला चार महिने होते. मुलगा सकाळी आठला बाहेर पडायचा, सून आणि बाळ झोपलेले. पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या वारी कचरा ठेवला. पिशवी तिथेच राहिली, वर एक चिठ्ठी चिकटवलेली. ती हातात घेऊन मी उभी होते, अक्षर कळत नव्हतं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. त्यांनी पिशवी उघडली, बाटल्यांची झाकणं वेगळी केली, वरचे कागद सोलून काढले, बोटांनी वार मोजून दाखवले. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्यासाठी खालच्या बाकावर थांबायला लागल्या. मी मराठीत बोलायचे, त्या जपानीत. मी पातळ पोह्यांचा चिवडा नेला, त्यांनी पर्सिमॉन नावाचं फळ सोलून दिलं. ह्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्याबद्दल मी आमच्या घरात कोणाशी बोलले नव्हते, त्या बाकावर बोलले.

निघायच्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि दोन-तीन मिनिटं बोलत राहिल्या. एक शब्द कळला नाही. मी मान हलवत होते आणि रडत होते. विमानतळावर मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, “आई, फोनवर रेकॉर्ड करायचं ना, ॲपने भाषांतर करून दिलं असतं.” पोराचा हेतू चांगला होता, पण मी विमानात बसेपर्यंत त्याच्याशी धड बोलू शकले नाही. रविवारी तुमचा लेख वाचताना तेच वाक्य पुन्हा कानावर पडल्यासारखं झालं.

चित्रपटात खोट नाही असं मी म्हणत नाही. जपानी माणसाच्या इंग्रजी उच्चारांवर त्यात जे हशे काढलेत ते मला आवडत नाहीत, त्या आजींना भेटल्यानंतर तर मुळीच नाही. लेखकाला झोडपायचंच होतं तर तिथे झोडपायचं होतं. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. बॉब आणि शार्लटचं ‘प्रेमप्रकरण’ मात्र तीनदा आलंय. लग्नाला पंचवीस वर्षं झालेला माणूस आणि दोन वर्षं झालेली मुलगी, दोघांनाही रात्री झोप लागत नाही, म्हणून ती हॉटेलच्या बारमध्ये भेटतात. याला आपल्याकडे दुसरा शब्दच उरला नाही का?

आणखी एक. लेखात ‘दोघं क्योटोला जातात’ असं छापलंय. क्योटोला शार्लट एकटी जाते, देवळाच्या आवारात एका नवरीला पाहते आणि झाडाच्या फांदीला कागदाची चिठ्ठी बांधते. बॉब तिथे नसतो. ती एकटी आहे म्हणूनच तो प्रसंग आहे. निदान एवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे