उसाच्या ट्रॉलीवरच्या हवेच्या टाक्या कारखान्यांनी तपासून द्याव्यात

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

ऊस हंगाम जवळ आला म्हणून हे पत्र लिहितोय. माझं कराड तालुक्यात टायर आणि किरकोळ वेल्डिंगचं गॅरेज आहे, हंगामात निम्मं काम उसाच्या ट्रॉलीचं असतं. फडातून रस्त्यावर येता येता टायर बसतो, भरलेली ट्रॉली तिथंच राहते, मागं दहा गाड्या अडकतात आणि जवळचं पंक्चरवालं दुकान पाच-सात किलोमीटरवर. त्यामुळं हल्ली बरेच ट्रॅक्टरवाले हवा सोबतच घेऊन फिरतात, म्हणजे एखादी जुनी टाकी नायतर बाटला (सिलिंडर) ट्रॉलीला बांधायचा, गॅरेजमधनं भरून घ्यायचा आणि लागंल तिथं हवा मारायची. कल्पना चांगलीच आहे, मी पण तशा टाक्या बसवून दिल्यात. पण बांधतात काय ते बघितलं की पोटात गोळा येतो.

सगळ्यात जास्त दिसतो तो एसी-फ्रीजवाल्यांकडचा गॅसचा रिकामा डबा, 13.6 किलोचा. भंगारात स्वस्त मिळतो, हँडल असतं, उचलायला हलका. पण तो हलका आहे कारण त्याचा पत्राच पातळ आहे, एकदा गॅस वापरला की टाकून द्यायचा म्हणूनच तो बनवलेला असतो आणि परत भरू नका असं त्याच्यावर इंग्रजीत छापलेलं पण असतं, पण रंग मारल्यावर ते कोण वाचणार. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर पाणी आत जातं, ते तळाला साठतं आणि डबा आतनं गंजत जातो, बाहेरनं मात्र नवाकोरा दिसतो.

मागच्या हंगामात माझ्याच दारात एक पोरगा असा डबा भरायला घेऊन आला. मी भरायच्या आधी उलटा केला तर तळाच्या वेल्डिंगजवळ रुपयाएवढा रंग फुगलेला, स्क्रू ड्रायव्हरनं नुसतं टोकरलं तर टोक आत गेलं आणि चहासारखं लाल पाणी बाहेर आलं, तेलाचा वास मारणारं. आदल्या दिवशी हाच डबा 8 किलो प्रेशरला (म्हणजे चौरस सेंटीमीटरला 8 किलो दाब) भरलेला होता आणि पोरगा त्याच्यावर बसून आला होता. त्याला मी डबा परत दिला नाही, हातोड्यानं चेपून टाकला. तो रागवून गेला, दोन दिवसांनी त्याचा बाप येऊन बोलला तेव्हा जरा बरं वाटलं.

आणि एवढा धोका पत्करून मिळतं काय तर हिशोब बघा. त्या डब्यात 13 लिटरच्या आसपास जागा, 8 किलोला भरला तर बाहेरच्या साध्या दाबानं मोजली तर साधारण 104 लिटर हवा. ट्रॉलीच्या टायरची पोकळी 60 लिटर धरली तर डबा आणि टायर जोडल्यावर प्रेशर सव्वा-दीड किलोवर येऊन थांबतं, म्हणजे टायरच्या गेजवर 20 पौंड (चौरस इंचाला). 50 पौंडाचा टायर त्यात निम्मा पण भरत नाही. मग माणूस म्हणतो अजून जास्त भर, 10 भर, 12 भर, आणि खरा धोका तिथंच आहे.

यातनंच दुसरी टूम निघाली ती ऑक्सिजनच्या बाटल्याची. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मंडळांनी, ग्रामपंचायतींनी, कुणी कुणी वर्गणी काढून छोटे बाटले घेतले, त्यातले कितीतरी आता कोपऱ्यात पडून आहेत. 10 लिटरचा बाटला 150 किलोला भरला तर 1500 लिटर हवा मावते, त्यात असे सात टायर निघतात, त्यामुळं मोह होणारच हे मला पण कळतं. पण 150 किलोची वस्तू ट्रॉलीला काथ्यानं बांधून खड्ड्यातनं न्यायची नसते, वरचा वॉल (व्हॉल्व्ह) तुटला तर बाटला तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. दाब कमी करणारा रेग्युलेटर नसला तर टायर फुटतो ते वेगळंच. शिवाय बाटल्यातला गॅस बदलायचा तर नागपूरच्या मुख्य स्फोटक नियंत्रकांची परवानगी लागते, दर 5 वर्षांनी पाण्याच्या दाबाची टेस्ट लागते, आणि टेस्टमध्ये नापास झालेला बाटला परत जोडता येणार नाही असा चेपून नायतर कापून टाकायचा असा नियम आहे. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कॉम्प्रेसरची हवा भरली की बाटल्यात तेलाचा अंश जातो, उद्या तोच बाटला कुणी पेशंटसाठी ऑक्सिजन भरायला नेला तर दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आल्यावर पेटायला काडी लागत नाही. म्हणून दवाखान्याचा बाटला दवाखान्यालाच राहू द्या. मरून रंगाच्या ॲसिटिलीनच्या, म्हणजे वेल्डिंगच्या जळणाऱ्या गॅसच्या बाटल्याला तर कुणी हातच लावू नका.

मग वापरायचं काय? तर भंगारात निघालेल्या ट्रकच्या ब्रेकच्या हवेच्या टाक्या. त्या हवेसाठीच बनवलेल्या असतात, पत्रा जाड असतो, खाली पाणी काढायचा कॉक असतो, नेहमीचं प्रेशर 8 किलोच्या आसपास आणि चेसिसखाली धक्के खात चालायची त्यांना सवय असते. 40 लिटरच्या दोन घेतल्या की 80 लिटर, 8 किलोला भरल्या तर एक टायर 50 पौंडाला पूर्ण भरून दुसऱ्याला टॉपअप पण होतो. तेवढ्यात ट्रॉली कारखान्यावर पोचते, अजून काय पाहिजे? टाकी पट्ट्यानं आवळायची, तिला वेल्डिंग करून पाय लावायचे नाहीत, चालू सेफ्टी वॉल आणि गेज पाहिजे, आणि रोज सकाळी खालचा कॉक उघडून पाणी सोडायचं. ट्रकवाल्यांनी जादा टाकी बसवताना ब्रेकच्या हवेतनं सरळ फाटा मारू नये, ब्रेकची हवा राखणाऱ्या प्रोटेक्शन वॉलच्या पुढनं घ्यावा, नायतर पाईप फुटला की ब्रेकची हवा पण जाईल.

फक्त टाकी जुनी आहे, आतनं किती गंजलीय हे वरनं दिसत नाही, म्हणून टेस्ट पाहिजे. ती अवघड नाही. टाकी पाण्यानं काठोकाठ भरायची, हातपंपानं 12 किलोपर्यंत दाब द्यायचा, अर्धा तास गेज बघत बसायचं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं टाकी कुठं कच्ची असली तर नुसती पिचकारी उडते, हवेसारखा स्फोट होत नाही. काहीजण हवा भरून साबणाचं पाणी लावून बघतात, त्यानं लिकेज कळतं पण टाकी किती सोसंल ते कळत नाही.

आता खरी मागणी. आपल्याकडचे साखर कारखाने हंगामाआधी बॉयलरची अशीच पाण्याची टेस्ट करतात, बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक येऊन बघतात, म्हणजे पंप आहे, गेज आहे, शिकलेला फिटर आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम हंगामाच्या तोंडावर होतोच. त्याच दिवसांत यार्डात एका कोपऱ्यात हवेच्या टाक्यांची पण टेस्ट करून द्यावी, पास झालेल्या टाकीवर पंचनं महिना-वर्ष उठवावं, नापास झालेली आणि गॅसचे डबे तिथंच चेपावेत. एका टाकीला पाऊण तास धरला तरी चार पंप लावून आठ-दहा दिवसांत एका कारखान्याच्या बऱ्याच गाड्या होतील. डबा जमा करणाऱ्याला भंगाराच्या भावानं ट्रकची टाकी मिळवून दिली तर कुणी कुरकुर करणार नाही, कारण तो डबा कुणी हौसेनं बांधत नाही, परवडतं म्हणून बांधतो.

बैलांची टायरगाडीवाली आणि तोडणीची माणसं त्याच ट्रॉलीला टेकून जेवतात, पोरं तिच्याखाली सावलीला झोपतात. ते डबे तिथंच, डोक्याशी बांधलेले असतात. आमच्या भागातल्या कुठल्याही कारखान्यानं बोलावलं तर माझा हातपंप आणि दोन गेज घेऊन मी येतो, हंगामाआधीचा आठवडा मोकळा ठेवलाय.

आपला,
एक गॅरेजवाला, कराड तालुका