दराची सुनावणी होते, आराखड्याची का नाही?

महोदय,

वीजदरवाढीचा प्रस्ताव आला की हरकतींचा पाऊस पडतो, वीज नियामक आयोग सुनावणी घेतो, थोडेफार पैसे इकडेतिकडे होतात. पण बिलातला सर्वांत मोठा हिस्सा वीजखरेदीचा असतो, आणि कुठली वीज, किती वर्षांसाठी, दिवसाच्या कोणत्या वेळेला घ्यायची हे बरेच आधी आराखड्यात ठरून गेलेले असते. ते ठरते तेव्हा सामान्य ग्राहकाला कोणी विचारत नाही.

मी राज्य वीज मंडळात अभियंता होतो. उमेदीची वर्षे कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्यातली विजेची मागणी आणि निर्मिती यांचा क्षणोक्षणी मेळ घालणाऱ्या केंद्रात, पाळ्या करण्यात गेली. दिवेलागणीला मागणी चढू लागली की फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नास हर्ट्झच्या खाली घसरायचा, म्हणजे निर्मिती कमी पडायची, आणि कोयना जलविद्युत केंद्राला फोन जायचा: अजून एक मशीन घ्या. बंद पडलेला औष्णिक संच तयार व्हायला कित्येक तास लागतात. कोयनेचे मशीन काही मिनिटांत भार उचलते. पण ते पाणी मोजके. कृष्णेच्या पाण्याचे राज्यांत वाटप करणाऱ्या लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवून दिले आहे, जूनपासून मेपर्यंत तेवढ्यातच भागवायचे. नोव्हेंबरात हात सैल सोडला तर एप्रिलमधली संध्याकाळ कशी निघणार? एकूण किती मेगावॅट हा प्रश्न नंतरचा. कोणत्या वेळी, हा आधीचा.

1993 साली एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाशी करार झाला तेव्हा नेमके हेच बाजूला पडले. राज्याला चणचण संध्याकाळची, आणि करार चोवीस तास चालवायच्या महागड्या प्रकल्पाचा, तोही डॉलरशी बांधलेला. वीज उचला न उचला, क्षमतेचे पैसे मंडळाने द्यायचेच. जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाला कर्ज नाकारले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाने आकडे मांडले, पण करार होऊन गेल्यावर आणि बाहेरून. राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने या व्यवहाराची चिरफाड केली ती 2001 मध्ये. त्याच वर्षी प्रकल्प बंद पडला. मंडळातल्या आम्हा लोकांना तो घाव अजून आठवतो.

जून 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि त्यांच्यावर सूत्रधारी कंपनी अशी रचना आली. हिशेब वेगळे झाले, कोणाचा तोटा कोणाच्या खाती हे कळू लागले. ते चांगलेच झाले. मात्र सगळे एकत्र पाहण्याचे काम विखुरले. पारेषणाचे नियोजन महापारेषणकडे, खरेदीचे ज्या त्या वितरण कंपनीकडे. मुंबईत तर शहराला बेस्ट, उपनगरांना अदानी, टाटाचे ग्राहक दोन्हीकडे आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. जो तो आपल्या ग्राहकांचा अंदाज बांधतो.

12 ऑक्टोबर 2020 ला काय झाले ते मुंबईकर विसरलेले नाहीत. कळवा-पडघा वाहिन्यांवर बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचे ग्रीड कोसळले तरी मुंबईला अलग काढून वीज टिकवायची, अशी आयलँडिंगची व्यवस्था आपल्याकडे 1980च्या दशकापासून आहे. त्या दिवशी ती तग धरू शकली नाही, कारण शहरात तेव्हा चालू असलेली निर्मिती मागणीच्या मानाने फार कमी होती. बाहेरून जास्त वीज आणायची तर मजबूत वाहिन्या हव्यात. खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी दशकभर रखडून 2023 मध्ये चालू झाली.

आता मुलुंडमधल्या आमच्या गल्लीत या. चार मजली इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. जुन्या घरात दोन पंखे आणि एक फ्रिज. नव्यात खोलीगणिक एसी, स्वयंपाकाला इंडक्शन, खाली पार्किंगमध्ये गाड्यांचे चार्जिंग. बिल्डरने ट्रान्सफॉर्मरला खोली सोडली की विजेचा विषय संपला असे सगळे धरून चालतात. त्या खोलीपर्यंत वीज आणणाऱ्या उपकेंद्राला जागा कुठे आहे? त्याला पोसणाऱ्या उच्चदाब वाहिनीचा मार्ग कोणी राखून ठेवला आहे? चटईक्षेत्र एकाने मंजूर करायचे आणि भाराची चिंता दुसऱ्याने, तीही टॉवर उभा राहिल्यावर, हे किती दिवस चालणार? आणि हा सगळा वाढीव भार रात्रीचा आहे. सौरऊर्जा दुपारी भरपूर मिळेल, शेतीपंप दिवसा चालवण्याचे धोरणही योग्यच आहे, पण रात्री अकराला चालणाऱ्या एसीसाठी साठवणूक लागेल किंवा कोयनेसारखे पाणी.

केंद्राच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे पुढच्या वर्षांच्या गरजेचे आराखडे करणे वितरण कंपन्यांवर आले आहे. माझी मागणी एवढीच, की राज्य सरकारने त्यावर एक कायमस्वरूपी नियोजन मंडळ बसवावे. त्यात चारही वितरण कंपन्या, महापारेषण आणि भार प्रेषण केंद्र असावेतच, शिवाय महापालिका आणि एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांचे नगररचनाकारही हवेत. कंपन्यांचे अंदाज तपासून संपूर्ण महानगराचा एकच आराखडा या मंडळाने दरवर्षी काढावा आणि वीजखरेदीच्या करारावर सही होण्याआधी त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी. वॉर्डनिहाय मागणीचे तक्ते, दुपारचे वेगळे आणि रात्रीचे वेगळे, मराठीत उपलब्ध करावेत. एखादी सुनावणी भांडुप-मुलुंडकडे, रविवारी ठेवावी, म्हणजे नोकरदारांनाही येता येईल.

एक निवृत्त अभियंता,
मुलुंड (पूर्व), मुंबई