वेल्श रॅबिटमध्ये ससा नसतो

प्रिय आई आणि बाबा,

आधी एक क्लिअर करते, मी ससा खाल्लेला नाही. वेल्समधल्या कार्डिफच्या कॅफेतला फोटो ग्रुपवर टाकला, खाली 'वेल्श रॅबिट' लिहिलं आणि तेव्हापासून आई तू फोनवर धड बोलत नाहीयेस. अगं तो चीज टोस्ट आहे! बटरमध्ये थोडा मैदा परतायचा, त्यात एल म्हणजे इथली बिअर, मोहरीची पेस्ट आणि किसलेलं चेडर, गॅस एकदम मंद हवा नाहीतर चीजचं तेल सुटून चिवट गोळा होतो, मग ते दाटसर सॉस ब्रेडवर ओतून ग्रिलखाली ठेवायचं, वर तपकिरी ठिपके आले की झालं. आणि तू बेसनाच्या धिरड्याला टोमॅटो ऑम्लेट म्हणतेस, त्यात कुठे अंडं असतं?

बाबा, तुम्ही विचारणारच म्हणून सांगते, 'रॅबिट' हेच जुनं नाव, 1725 पासून लेखी सापडतं. याच पदार्थाचं दुसरं नाव 'रेअरबिट', ते आलं 1785 च्या सुमाराला. बहुतेकांचं म्हणणं असं की 'रॅबिट' ही इंग्रजांनी उडवलेली टर, वेल्श माणसाला ससाही परवडत नाही, त्याचं मटण म्हणजे चीज. नंतर कोणालातरी ते गावंढळ वाटलं असणार, म्हणून रेअरबिट. मला तरी ते उगाच शिष्टपणाचं वाटतं. गंमत म्हणजे हॅना ग्लास बाईंच्या 1747 च्या पाकपुस्तकात वेल्श, स्कॉच आणि इंग्लिश असे तीन रॅबिट आहेत, आणि इंग्लिशवाल्यात टोस्ट चक्क रेड वाइनमध्ये भिजवायचा, म्हणजे बघा!

वेल्शमध्ये याला काउस पोबी म्हणतात, भाजलेलं चीज. त्याचं वेड किती, तर 16व्या शतकातला एक इंग्रजी जोक आहे, स्वर्गात वेल्श लोकांच्या बडबडीने देव वैतागला, मग सेंट पीटर दाराबाहेर जाऊन "काउस पोबी!" ओरडला, सगळे वेल्श धावत बाहेर, याने गुपचूप आत येऊन कडी लावली. टोमणाच आहे, पण मी जाम हसले.

आई, करून बघ, बिअरऐवजी दूध चालतं. फक्त रेसिपीत वूस्टर सॉस दिसला तर घालू नकोस, त्यात अँकोव्ही म्हणजे मासे असतात, तुझा गुरुवार मोडेल. मीठही वरून नको, चीज खारट असतंच, आणि बाबांना बीपीमुळे अर्धाच स्लाइस दे, कितीही मागितला तरी.

तुमची,
चिऊ