हान्या म्हणजे नुसती राक्षसीण नव्हे

संपादक महोदय,

शिंगे-सुळ्यांचा जपानी 'हान्या' मुखवटा हल्ली टी-शर्टवर, टॅटूंमध्ये सर्रास दिसतो आणि लोक त्याला सैतान म्हणून मोकळे होतात. मनाला लागते ते. जपानच्या पारंपरिक, मुखवटे घालून सादर होणाऱ्या नोह नाट्यातली ही मत्सराने होरपळलेली बाई आहे. 'आओई नो उए' या नोह नाटकामध्ये रोकुजो या स्त्रीचा जिवंतपणीच देहाबाहेर पडलेला आत्मा प्रियकराच्या पत्नीला, आओईला, छळतो. आजारी आओई म्हणजे रंगमंचावर अंथरलेला एक किमोनो, बस्स! हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडात कोरलेला तोच मुखवटा समोरून पाहिला तर संताप दिसतो. नटाने मान किंचित खाली घातली, की चेहऱ्यावर सावली उतरते आणि ती रडते आहे असे वाटते. कपाळावर विस्कटलेल्या त्या केसांच्या रेषा एकदा तरी नीट पाहाव्यात.

— एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली