दोन काळ्या माती, दोन वेगळी कुळं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'अमेरिकेतल्या प्रेअरीची, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांची, माती आपल्यासारखीच काळी, मग तिकडचं पीक इकडे का नाही?' असं गावात कुणीतरी हमखास विचारतं. कळमेश्वरकडे माझी चार एकर पऱ्हाटी आहे, म्हणून लिहितो.

रंग सारखा, पण कूळ वेगळं. तिकडे हिमनद्यांनी खडक भरडून चिकणमाती, वाळू आणि गोटे एकत्र टाकले. त्यावर हजारो वर्षं उंच गवत वाढलं, मुळं कुजली, म्हणून वरचा थर काळा आणि भुसभुशीत. अशा मातीला शास्त्रात 'मॉलिसॉल' म्हणतात. आपली काळी बेसाल्ट झिजून झालेली, 'व्हर्टिसॉल'. रंग गडद असला तरी तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा 1 टक्क्याहूनही कमी. चिकणमाती मात्र 30 टक्क्यांच्या वर, तीही फुगणारी-आकसणारी. मे महिन्यात माझ्या धुऱ्याजवळच्या भेगेत अख्खा हात कोपरापर्यंत जातो. विहीर खोदताना खाली घासून गुळगुळीत, चकाकणारे तिरपे पृष्ठभाग लागले होते. ही व्हर्टिसॉलची खूण. प्रेअरीतही चिकण जास्त असेल तिथे भेगा पडतात, तेव्हा वर्गाच्या नावाआधी 'व्हर्टिक' लावतात.

आपल्या जुन्या लोकांनी मातीला काळी, मोरांड, खरडी, बरडी अशी नावं उगाच नव्हती ठेवली! राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो तर आपल्याच अमरावती रोडवर आहे. आपण दर आठवड्याला जिल्ह्यातल्या एकेका मातीवर छोटं सदर छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी, नागपूर