शंभर शॉर्टकट भिंतीवरच राहिले

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ‘संगणकाचे शंभर शॉर्टकट’ अशी पानभर चौकट छापली होती. ती मी कापून दुकानाच्या भिंतीवर चिकटवली. आठ दिवसांत एकाही गिऱ्हाइकाने ती शेवटपर्यंत वाचली नाही. एका बागायतदाराने मात्र तिच्या मोकळ्या समासात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब केला, तो अजून तिथेच आहे. चौकट चुकीची नव्हती. पण ती ज्याने लिहिली, तो यातल्या किती कळा रोज दाबतो, अशी शंका मला आली, म्हणून हे पत्र.

देवगडला एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. १९८९ साली मराठी टंकलेखनाची तिसाची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा पास झाले, तेव्हापासून बोटांवरच पोट आहे. आधी गोदरेजचं मशीन होतं. खाऱ्या हवेने त्याच्या दांड्या गंजायच्या. दर शनिवारी शिलाई मशीनचं तेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसावं लागायचं. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवायचे बंद केले, त्याच्या थोडं आधी मीही ते मशीन माळ्यावर टाकलं आणि कॉम्प्युटर घेतला.

टायपिंगच्या क्लासात आम्हाला कोणी अक्षरांची यादी पाठ करायला दिली नव्हती. एकच ओळ पानभर बडवायची. बोटाला कळली की मग पुढची ओळ. शॉर्टकटचंही तसंच आहे. आठवून दाबावा लागला तर माउसच बरा. माझ्याकडे सुट्टीत शिकायला येणाऱ्या मुलींना मी आठवड्याला एकच शॉर्टकट देते, आणि त्या आठवड्यात त्या कामासाठी माउसला हात लावला की कटिंग चहा त्यांच्याकडून. आतापर्यंत मी बरेच चहा प्यायले आहेत.

पहिल्या आठवड्याला कंट्रोल आणि एस. आपल्या यादीत ‘सेव्ह करणे’ चौऱ्याऐंशीव्या नंबरावर आहे, यावरून यादी मुंबईत तयार झाली हे ओळखलं. आमच्याकडे लाईट सांगून जात नाही. मे महिन्यात ढग जमले की गडगडण्याआधी लाईट जाते, आणि यूपीएसची बॅटरी पावसाळ्याआधीच म्हातारी झालेली असते. पूर्णविराम दिला की माझी डावी करंगळी आपोआप कंट्रोलवर आणि शेजारचं बोट एसवर जातं. घरी जेवताना ताटाच्या कडेवरही जातं, असं मिस्टर म्हणतात. वर्ड स्वतःहून दर दहा मिनिटांनी मजकूर जपून ठेवतो खरा. पण तिसाच्या स्पीडने दहा मिनिटांत तीनशे शब्द होतात, म्हणजे अख्खा अर्ज. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह असं जाऊन तो दहाचा आकडा दोन करून टाकावा. एकदाच करायचं काम आहे.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा माझ्या दुकानाची लाईट कित्येक दिवस नव्हती. आली तशी दारात रांग लागली. तोंडाला मास्क, हातात मोबाइलवरचे फोटो: कोणाची कौलं उडालेली, कोणाची पंचवीस वर्षांची कलमं मुळासकट आडवी. प्रत्येकाच्या अर्जाचा विषय एकच, ‘तौक्ते चक्रीवादळात झालेल्या नुकसानीचा पंचनामा होऊन भरपाई मिळणेबाबत’. पहिल्या दिवशी हे मी हातानेच मारत होते. दुसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट असं गेलं की दोन रकाने दिसतात. डावीकडे ‘नुभ’ लिहिलं, उजवीकडे तो अख्खा विषय. मग ‘नुभ’ टाइप करून स्पेसबार दाबला की पूर्ण ओळ उभी राहते. ‘वरील मजकूर खरा असून’ ने सुरू होणाऱ्या शेवटच्या वाक्यालाही असंच एक टोपणनाव दिलं. रांग अर्ध्या वेळात सरकू लागली. आपल्या शंभरात हे एकदाही नाही, कारण ही एकच कळ नाही, आणि चौकटीत फक्त कळाच बसतात.

टोपणनाव मात्र असं ठेवावं, ज्याला मराठीत दुसरा अर्थ नाही. मी एकदा हौसेने ‘जा’ चं ‘जामसंडे’ (आमच्या शेजारचं गाव) करून ठेवलं होतं. पुढे एका घरगुती नोटिशीत नवऱ्याने बायकोला ‘घरातून निघून जामसंडे’ असं सांगितल्याचं छापून आलं. वकिलांनी हसून परत पाठवलं म्हणून निभावलं.

पण माझी खरी फजिती कंट्रोल आणि एच ने केली. कोकणात सातबारावर किती नावं असतात हे आपल्याला सांगायला नको. दहा गुंठ्यांची जमीन आणि त्रेसष्ट हिस्सेदार, निम्मे परळ-लालबागला, काही वारलेले. अशाच एका सामायिक जमिनीचं संमतीपत्र मी टाइप केलं होतं. शेवटच्या क्षणी कळलं की एका हिस्सेदाराचं दप्तरी नाव राम नाही, रामचंद्र आहे, आणि ते मजकुरात अकरा ठिकाणी आलंय. म्हटलं, शोधत कोण बसणार? कंट्रोल-एच दाबलं, वरच्या खान्यात ‘राम’, खालच्या खान्यात ‘रामचंद्र’, आणि ‘रिप्लेस ऑल’. एका सेकंदात काम झालं. न बघता प्रिंट सोडली. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर पहिली बारा नावं छापून बाहेर आली, आणि ज्यांचा कागद होता ते काका चष्मा कपाळावर सरकवून वाचू लागले. सखाराम झाले सखारामचंद्र. तुकारामाचे तुकारामचंद्र, आत्मारामाचे आत्मारामचंद्र. एक आजोबा मुळातच रामचंद्र होते, ते बिचारे रामचंद्रचंद्र झाले. काका शांतपणे म्हणाले, “गो बाय, आमच्या घराण्यात इतके रामचंद्र खंयसून इले?”

स्टॅम्प पेपर माझ्या पदरचा गेला. त्या दिवसापासून दोन गोष्टी पाळते. एक, शोधायच्या शब्दाच्या मागे-पुढे स्पेस द्यायची, म्हणजे सुटा राम तेवढा सापडतो आणि सखाराम सुखरूप राहतात. बदलून घालायच्या शब्दालाही तशीच स्पेस द्यायची, नाहीतर रामचंद्र शेजारच्या गोविंदाला चिकटतात. दोन, ‘रिप्लेस ऑल’ ऐवजी नुसतं ‘रिप्लेस’ एकेकदा दाबत जायचं. अकरा वेळा दाबायला पाव मिनिट लागतं. आणि चुकलंच, तर कंट्रोल-झेड, केलेला बदल मागे जातो. ज्यांनी टाइपरायटरवर चार कार्बन घालून कागद केलेत आणि शेवटच्या ओळीत चुकून पाचही प्रतींवर सफेदा लावलाय, त्यांनाच झेडची किंमत कळेल. हल्लीची मुलं तो न बघता दाबतात.

झेरॉक्सच्या दुकानात बसून एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे झेरॉक्स म्हणजे दोन रुपयांची प्रत. पण हे कट-कॉपी-पेस्ट आपण सगळे वापरतो, तेही त्याच झेरॉक्स कंपनीच्या घरातलं. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला त्यांचं संशोधन केंद्र होतं, तिथे १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट या दोघांनी ते घडवलं. टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा पेपरात बातमी वाचून मी गिऱ्हाइकांना सांगत होते. एकाने विचारलं, “मग त्यांका रॉयल्टी मिळा काय?”

कॉपी-पेस्टमध्ये नव्याने शिकण्यासारखं आहे ते विंडोज आणि व्ही. कंट्रोल-व्ही फक्त शेवटची कॉपी देतो. विंडोज-व्ही दाबला की आधी कॉपी केलेल्या पंचवीसपर्यंत गोष्टींची यादी उघडते, पाहिजे ती निवडायची. पहिल्यांदा दाबल्यावर ‘चालू करू का’ विचारतो, तेव्हा हो म्हणायचं. एकाच माणसाचे तीन फॉर्म भरताना नाव, पत्ता, मोबाइल नंबर पुन्हा पुन्हा मारावे लागत नाहीत. मात्र माझ्यासारख्या दुकानात हे दुधारी आहे. मागच्या माणसाचा आधार नंबर, बँक खातं सगळं त्या यादीत पडून असतं. गिऱ्हाईक उठलं की मी ती यादी तिथल्या तिथे साफ करते. कोणाला स्वतःचा ईमेल उघडायचा असेल तर क्रोम ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून वेगळी खाजगी खिडकी काढून देते आणि काम झालं की ती बंद करते, म्हणजे पासवर्ड मागे राहत नाही. ज्या दुकानात आपण फॉर्म भरायला जातो तिथे हे करतात का, हे वाचकांनी जरूर बघावं. एका दुकानात माझ्याच भाचीचा जातीचा दाखला स्क्रीनवर दोन दिवस उघडा होता.

फोटोचं असंच. बँक भरतीचे फॉर्म फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागतात. मुलं लगेच कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवर फोटो, सही, कधी आधार कार्डसुद्धा चढवून लहान करून आणतात. काही गरज नाही. कॉम्प्युटरमध्ये आधीपासून पेंट असतं. त्यात फोटो उघडायचा, कंट्रोल-डब्ल्यू, पिक्सेलवर टिचकी, आकडा कमी, सेव्ह. केबी जास्त भरले तर आकडा आणखी थोडा उतरवायचा.

चुकून बंद झालेली टॅब कंट्रोल, शिफ्ट, टी ने परत येते. भरलेला मजकूर येईलच असं नाही, म्हणून मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख, ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की वरच्या आकड्यांची बेरीज. भिंतीवर हिशेब करणाऱ्या बागायतदारांना मी हेच दोन शिकवले. यंदा ते लॅपटॉप घेऊन आले होते, भिंतीवर मात्र सवयीने लिहिलं.

आता मुख्य तक्रार. शंभर शॉर्टकटांत मराठी टाइप करण्याबद्दल एक ओळ नाही. मराठी माणसाचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. इंग्रजी अक्षरांत लिहायचं, मग यंत्र चार शब्द सुचवणार, त्यातला एक निवडायचा, तो नेमका चुकीचा निघणार. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठीचा कळफलक फुकट घेता येतो. इंग्रजीवरून मराठीवर यायला विंडोज आणि स्पेसबार. हा इन्स्क्रिप्ट कळफलक शिकायला मला, रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरवरच्या जुन्या कळफलकाची, सवय मोडून, तीन आठवडे लागले. कोऱ्या पाटीच्या मुली दहा-बारा दिवसांत शिकतात, कारण डाव्या हाताला बहुतेक स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि क च्या कळीवरच शिफ्ट दाबला की ख, ग वर घ. बाराखडी आली की कळफलक निम्मा आला. मी कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले होते, ते पहिल्याच पावसाळ्यात सुटले. बरं झालं, बघून मारायची सवय तुटली.

आणि यातच एक कळ अशी आहे, जी आमच्या किनाऱ्यावर रोज लागते. र ला य जोडायचा दोन तऱ्हेने. जे ची कळ म्हणजे र, डी म्हणजे पाय मोडायचा, तिरक्या रेघेची कळ म्हणजे य. जे, डी, तिरकी रेघ दाबलं की ‘र्य’, जसं सूर्य, कार्य, दर्या. तेच जे दाबताना शिफ्ट धरला की ‘ऱ्य’, जसं वाऱ्यावर, किनाऱ्यावर, दऱ्या. फरक एका शिफ्टचा. पण ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यात येणारा माणूस बदलतो, हे लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्यांना विचारा.

तेव्हा विनंती अशी की पुढची चौकट छापाल तेव्हा ती दहाचीच करा, कळांची नावं मराठीत लिहा, आणि त्यात हा शिफ्ट-जे जरूर घ्या. त्याच रविवारच्या अंकात तिसऱ्या पानावर मच्छीमारांच्या बातमीला ‘दऱ्याला उधाण, होड्या बंदरात’ असा मथळा होता. देवगडच्या बंदरातल्या मंडळींनी तो माझ्याकडून मोठा करून झेरॉक्स काढून नेला आहे. दुरुस्ती छापलीत तर तिचीही काढून देईन, त्यांचे पैसे घेणार नाही.

नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक टायपिंगवाली, देवगड, जि. सिंधुदुर्ग