रिपोर्टात लिहिलंय तेवढंच

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गळ्यातल्या गाठीचा तो रिपोर्ट आल्यावर रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तू कॉलेजात ते ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञ शिकवतेस ना, अशा वेळी काय करायचं म्हणतात ते? दगडासारखं बसून राहायचं?" फोनवर दोन मिनिटांत उरकावा असा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आईला वाचून दाखवा. निम्मं पत्र तिच्यासाठी आहे.

दगडासारखं बसायला त्यांनी कुणाला शिकवलं नाही. त्यांना पडलेला प्रश्न असा, की एखादी गोष्ट खरी आहे हे माणसाला कळतं कसं, आणि कळायच्या आधीच तो ती खरी धरून का बसतो. चांगलं कसं जगावं हा विचार त्यांनी या प्रश्नापासून कधी सुटा केला नाही. मला ते जवळचे वाटतात ते यासाठी.

या पंथाचा मूळ पुरुष झेनो, सायप्रस बेटावरच्या किटिअमचा. इ. स. पू. ३००च्या सुमारास अथेन्सच्या बाजारपेठेलगत, भिंतींवर चित्रं असलेल्या एका ओसरीत तो शिकवायचा. ज्ञान म्हणजे काय हे तो हाताने दाखवत असे, असं सिसेरो या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. आधी पंजा उघडा: समोरची गोष्ट मनावर उमटली. मग बोटं जराशी मुडपलेली: मनाने तिला होकार दिला. मग वळलेली मूठ: गोष्ट पक्की पकडीत आली. शेवटी डाव्या हाताने ती मूठ घट्ट आवळून तो सांगायचा, हे ज्ञान, आणि ते फक्त खऱ्या ज्ञानी माणसाकडे असतं.

बाबा, तुम्ही बँकेत जन्मभर हेच केलंत. काउंटरवर कुठला चेक येईल ते तुमच्या हातात नव्हतं, पास करणं मात्र होतं. समोरचा माणूस कितीही घाई करो, नमुना सही काढून ताडून पाहिल्याशिवाय तुमचं पेन उचललं जायचं नाही. मनावर काय उमटावं यावर आपला ताबा नाही. त्याला होकार द्यायचा की थांबायचं, एवढंच आपलं. स्टोइकांचा सगळा डोलारा या एवढ्याशा जागेवर उभा आहे.

तुम्ही लगेच विचाराल, हुबेहूब खोटी सही असेल तर? अगदी हाच आक्षेप प्लेटोने काढलेल्या अकादमी या शाळेतल्या आर्केसिलाउसने घेतला, आणि पुढे कार्निआडीसने तो आणखी धारदार केला. जुळ्या भावांत फरक दिसत नाही, दोन अंड्यांत दिसत नाही. मग 'हे खोटं असूच शकत नाही' असा ठसा आणणार कुठून? पिढ्यान्‌पिढ्या हा वाद चालला. त्यातली एक गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. स्फेरस नावाचा स्टोइक इजिप्तच्या टॉलेमी राजाच्या दरबारी होता. राजाने त्याच्यापुढे मेणाची डाळिंबं ठेवली. तो फसला, तेव्हा राजा ओरडला, "खोट्याला होकार दिलास!" स्फेरस म्हणाला, "ही डाळिंबं आहेत याला मी होकार दिला नव्हता. ही डाळिंबं असावीत असं मानणं रास्त आहे, एवढ्यालाच दिला होता."

अनेकांना ही पळवाट वाटते. मला नाही वाटत. 'आहे' आणि 'असावं असं मानणं रास्त आहे' यांत बरंच अंतर आहे, आणि त्या अंतरात शहाण्या माणसाला सगळं आयुष्य नीट काढता येतं.

आता तुमचा रिपोर्ट. गळ्यात गाठ दिसते, सुईची तपासणी करून घ्यावी. त्यात लिहिलंय ते एवढंच. 'आता माझं काही खरं नाही', 'हिचं पुढे कसं होणार' ही वाक्यं त्यात नाहीत; रात्री तीन वाजता छताकडे बघत तुम्ही ती खाली जोडली आहेत. आणि तितक्याच प्रामाणिकपणे सांगते, 'काही नसतं हो, डॉक्टर उगाच घाबरवतात' हेही त्यात नाही. येणारे-जाणारे मायेने तसं म्हणतात, पण तोही न ताडता पास केलेला चेकच.

मार्कस ऑरेलियस इ. स. १६१ ते १८० या काळात रोमचा सम्राट होता, आणि विचाराने स्टोइक. त्याची कितीतरी मुलं लहानपणीच गेली. स्वतःपुरत्या लिहिलेल्या टिपणांत तो स्वतःला बजावतो, की पहिल्या नजरेला जे कळलं त्यात पदरचं काही घालू नकोस. अमका तुझी निंदा करतो, हे कळलं. त्याने तुझं काही बिघडलं, हे कळलेलं नाही. मूल आजारी आहे, हे दिसतंय. ते धोक्यात आहे, हे दिसत नाही. लेकरं गमावलेल्या बापाने हे लिहिलंय हे लक्षात घेतलं की यातला एकही शब्द कोरडा वाटत नाही.

आई, तू म्हणालीस, "मनात येतंच ना गं, छातीत धडधडतंच." धडधडू दे. ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने एका समुद्रप्रवासाची हकीकत लिहिली आहे. रात्री वादळ झालं, जहाजात पाणी शिरायला लागलं. प्रवाशांत एक नावाजलेला स्टोइक होता. त्याचाही चेहरा पांढराफटक पडला. वादळ निवळल्यावर एका श्रीमंत प्रवाशाने त्याची टर उडवली. गेलियसने मात्र नंतर आदराने कारण विचारलं, तेव्हा त्याने पडशीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखवला. त्यात म्हटलं होतं, की भयंकर आवाज झाला, अचानक संकट कोसळलं, तर ज्ञानी माणूसही क्षणभर हलतो, त्याचाही रंग उडतो. मनाला विचारून हे होत नाही. फरक पडतो तो पुढे. 'हे खरोखरच भयंकर आहे' या सांगण्याला तो होकार देत नाही. तो पाचवा भाग आज उपलब्ध नाही, चारच उरलेत. गेलियसने टिपून ठेवलं म्हणून एवढं तरी हाती राहिलं. तेव्हा धडधडीचा अपराध मानू नकोस.

एका ठिकाणी माझं त्यांच्याशी जमत नाही. प्रकृती चांगली असणं याला ते 'चांगलं' म्हणत नाहीत. निवडण्याजोगं म्हणतात, पण खरं चांगलं फक्त सद्गुण. युक्तिवाद पक्का आहे, मी तो शिकवते, तरी बाबांची तब्येत हा विषय निघाला की तो मला पचत नाही. मात्र त्यातून निघणारी वागणूक पटते: निवडण्याजोगी गोष्ट आहे, तर तिच्यासाठी करायचं ते सगळं नीट करा. तपासणी टाळू नका.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. एपिक्टेटस मुळात गुलाम होता, पुढे मोकळा झाला आणि ग्रीसमधल्या निकोपोलिसला शिकवू लागला. त्याच्याकडे एक मोठा अधिकारी आला. म्हणाला, मध्यंतरी माझी छोटी मुलगी खूप आजारी पडली, मला बघवेना, म्हणून मी घरातून निघून गेलो आणि ती बरी झाल्याचा निरोप येईपर्यंत परतलो नाही. बापाच्या मायेने दुसरं काय होणार? एपिक्टेटसने त्याला शांतपणे एकेक विचारलं. मुलीच्या आईची माया आहे ना तिच्यावर? दाईची? मग त्यांनीही निघून जायला हवं होतं का? म्हणजे ज्यांची माया जास्त, त्यांच्या मायेमुळेच पोर एकटी पडली असती? आणि तू आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी असंच प्रेम करावं असं वाटेल का तुला? शेवटी त्या माणसाला मान्य करावं लागलं, की त्याला पळवलं ते मायेने नव्हे, त्याच्या स्वतःच्या समजुतीने. चुकीचं जाणणं आणि चुकीचं वागणं इथे एकच होऊन जातं.

आपल्या घरात आपण असे पळत नाही, पण गोष्टी लपवतो. आजीच्या वेळी तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. प्रेमापोटीच होतं ते, तरी शेवटचे महिने ती एकटी पडली होती असं मला वाटतं. म्हणून माझी विनंती, खरं तर हट्टच समजा: तपासणीचा निकाल आपण तिघं एकाच वेळी, एकाच खोलीत ऐकायचा. आई, डॉक्टरांना आधी एकटीने भेटायचं नाही. बाबा, तुम्ही पाकीट आधी उघडून कपाटात ठेवायचं नाही. खऱ्याने कधी कुणाचं वाईट झालं नाही, वाईट होतं ते फसवणुकीत राहिल्याने, असं मार्कसने लिहिलंय. मी त्या वाक्याला होकार देते, विचार करून.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघते. तपासणीच्या वेळी आणि निकालापर्यंत मी तिथेच आहे, रजा मंजूर झाली आहे. मागच्या वर्षीची थायरॉइडची रक्ततपासणी आणि जुनी सोनोग्राफी एका फाइलीत काढून ठेवा. रक्त पातळ ठेवणारी गोळी तपासणीआधी थांबवायची का, हे उद्याच दवाखान्यात फोन करून विचारा. तोवर मनाने बंद करू नका.

तुमची,
थोरली